पहिले पाच फायर एम्ब्लेम म्हणजे एकच गेम पाच वेळा? अजिबात नाही

फायर एम्ब्लेम या डावपेचांच्या जपानी व्हिडिओगेम मालिकेबद्दलचं एक मत इतक्या जणांनी पुढे रेटलंय की आता ते कुणी तपासूनही बघत नाही. मत असं: ही मालिका खऱ्या अर्थाने सुरू झाली 2003 साली, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा सातवा गेम जपानबाहेर आला तेव्हा. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम या निन्तेंडोच्या जुन्या यंत्रांवरचे पहिले पाच गेम म्हणजे कच्चा खर्डा. पाचही सारखेच, फक्त चित्रं सुधारत गेली. शस्त्रांचा त्रिकोण (कुठलं शस्त्र कुठल्याला भारी, हा नियम) नसल्यामुळे त्यांत डावपेच नाहीत, आणि जे काही अवघड वाटतं ते नशिबाच्या खेळामुळे. त्यातही दुसरा गेम ही चूक होती, चौथ्यात नुसतं चालायचं असतं आणि पाचवा खेळाडूला छळायलाच बनवलाय. म्हणून ते सोडा आणि सातव्यापासून सुरुवात करा.

हे पाचही गेम मी शेवटपर्यंत खेळलोय, काही एकाहून जास्त वेळा. या मतातला जवळजवळ प्रत्येक भाग चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे गेममधल्याच नियमांवरून दाखवता येतं.

आधी ‘सगळे सारखेच’ हे घेऊ. वरवर बघितलं तर साम्य आहेच. चौकटींचा नकाशा, आळीपाळीने चाली, मेलेलं पात्र परत येत नाही. पण टॅक्टिकल गेमची ओळख त्याच्या नकाशाच्या चौकटींवरून होत नाही. खेळाडूला कशाची टंचाई भासते, त्यावरून होते. तुम्ही चाल करताना कशाचा हिशेब मांडता? या एका प्रश्नाला पाचही गेम वेगवेगळं उत्तर देतात, आणि हे पाचही गेम शोझो कागा यांच्याच नेतृत्वाखाली झालेत. एकाच माणसाने 1990 ते 1999 या काळात आपलेच नियम पुन्हा पुन्हा मोडून नव्याने बांधले.

1990 चा पहिला गेम घ्या. प्रत्येकाकडे चारच वस्तू ठेवायला जागा. शस्त्रं वापरून झिजतात. बहुतेकांचा जादूप्रतिकार शून्य, आणि लेव्हल वाढली तरी तो वाढत नाही, म्हणजे चिलखतातला सैनिक असो की नवखा तिरंदाज, जादूगारासमोर दोघं सारखेच उघडे. उपचार करणाऱ्याला उपचार करून अनुभव मिळतच नाही. त्याच्यावर हल्ला झाला तरच मिळतो. गावात फक्त नायक मार्थ जाऊ शकतो आणि शेवटी किल्ल्याचा ताबाही त्यालाच घ्यावा लागतो. त्यामुळे मार्थच्या पायांत किती चाली आहेत, हाच प्रत्येक नकाशाचा मुख्य हिशेब होतो. एका बाजूला दरोडेखोर गावाकडे निघालाय, दुसऱ्या बाजूला तुमची फळी शत्रूला भिडलीय, आणि मार्थ एकच आहे.

दोन वर्षांनी, 1992 मध्ये, दुसरा गेम गाइडेन आला आणि यातलं जवळजवळ सगळं उलटं झालं. शस्त्रं झिजत नाहीत. प्रत्येकाकडे एकच वस्तू. जादू करायला पुस्तक लागत नाही, स्वतःचे एचपी (जिवाचे गुण, संपले की पात्र मेलं) मोजावे लागतात. हा शेवटचा नियम नीट बघा. समजा, जादूगाराकडे 9 एचपी उरलेत, मंत्राला 3 लागतात आणि समोरच्याचा उलटा फटका 6 चा आहे. मंत्र टाकलात आणि शत्रू त्यातून वाचला, तर तुमचा जादूगार गेला. पहिल्या गेममध्ये हाच जादूगार हाच हल्ला बिनधास्त करून 3 एचपी राखून उभा राहिला असता. हल्ल्याची किंमत आणि बचावाची ढाल एकाच खात्यातून जायला लागली की माणूस वेगळा विचार करतो. त्याला ‘चित्रं सुधारली’ म्हणत नाहीत.

मग गाइडेन ही चूक होती का? त्यातल्या काही गोष्टी मलाही खुपतात. तिथले बरेच नकाशे रिकामे आहेत, आणि दलदलीतून किंवा वाळवंटातून फौज ओढत नेताना अक्षरशः कंटाळा येतो. पण जी चूक असते ती मालिका विसरते. इथे उलट झालंय. जगाच्या नकाशावर फिरणं, राक्षसांशी पुन्हा पुन्हा लढता येणं आणि दोन नायकांच्या वेगळ्या वाटा 2004 च्या आठव्या गेममध्ये परत आल्या. आणि 2017 साली गाइडेनचाच रीमेक आला तेव्हा एचपी मोजून जादू करायचा नियम त्यांनी ठेवला, तिरंदाजाला शेजारच्या चौकटीतल्या शत्रूवरही बाण सोडता येण्याचा नियम ठेवला, आणि त्रिकोण आणला नाही. पंचवीस वर्षांनीही जो नियम बदलावासा वाटला नाही, त्याला चूक म्हणायला कुणाचीही जीभ धजावू नये.

1994 च्या तिसऱ्या गेमबद्दल इथे थोडक्यात. त्याचं पहिलं पुस्तक, म्हणजे पहिला भाग, ही पहिल्या गेमची थोडी छाटलेली आवृत्ती, दुसरं पुस्तक नवीन. ‘सारखाच’ हा आरोप कुठे थोडाफार लागू होत असेल तर तो याच गेमला. तरी यात घोडेस्वाराला इमारतीत शिरल्यावर घोड्यावरून उतरावं लागतं, आणि उतरल्यावर भाला जाऊन हातात तलवार येते. नर्तकी पहिल्यांदा आली ती इथेच. ज्याची चाल होऊन गेलीय त्याला ती पुन्हा चाल देते. शिवाय बारा राशींचे बारा तारकाखंड असतात, आणि ज्याच्या जवळ जो खंड असेल त्याप्रमाणे लेव्हलला त्याचे गुण वाढतात. कुठला तुकडा कुणाकडे, कधीपर्यंत, हा एक स्वतंत्र खेळच आहे.

आता त्रिकोण. ‘तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला’ हा नियम मालिकेत पहिल्यांदा आला 1996 च्या चौथ्या गेममध्ये. म्हणजे ज्या पाच गेमना ‘त्रिकोण नसलेले’ म्हणून मोडीत काढलं जातं, त्यातल्या शेवटच्या दोघांत तो आहेच. आणि त्याने डावपेच आपोआप येतात हे तरी खरं आहे का? चौथ्या गेममध्ये लोखंडी तलवारीचं वजन 3, भाल्याचं 12, कुऱ्हाडीचं 18. वजन सरळ वेगातून वजा होतं. त्रिकोणाने मिळतो तो फक्त नेम 20 ने वर किंवा खाली. म्हणजे कुऱ्हाडवाला भालेवाल्यासमोर कागदावर जिंकतो, पण हातातल्या ओझ्याने त्याचा वेग असा कोसळतो की समोरचे वार त्याला सहज चुकवता येत नाहीत. त्या गेमचा खरा डावपेच वजनात आहे. त्रिकोण वरून शिंपडलाय. आणि ‘त्रिकोण नाही तर डावपेच नाही’ म्हणणाऱ्यांना याच मालिकेतला 2019 चा थ्री हाउसेस आठवावा. त्यातही नेहमीचा त्रिकोण नाही. त्याबद्दल ही तक्रार मी कधी ऐकली नाही.

चौथ्या गेमवरचा ‘नुसतं चालायचं’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. कारण त्यात अर्धं सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्याच्या आड मालिकेतला सगळ्यात धाडसी प्रयोग झाकला जातो. हो, नकाशे प्रचंड आहेत. प्रस्तावना आणि शेवट धरून अवघे बारा अध्याय, पण प्रत्येकात तीन-चार किल्ले. फौज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची, मग वळवायची. पायदळ मागे पडतं, घोडे पुढे जातात. कबूल.

पण पहिला अध्याय खेळून बघा. नायक सिगर्डची फौज एव्हान्स किल्ल्याहून निघते. वाटेत जंगल इतकं दाट की ज्या घोड्यांच्या जोरावर तुम्ही निघालात तेच अडखळतात. एडेन आणि ड्यू ही दोन पात्रं पाठलागावरच्या शत्रूंपासून पळत तुमच्याकडे येतायत, त्यांच्यापर्यंत वेळेत कुणीतरी पोचायला हवं. आणि मागे आपला किल्ला, तो पडला की गेम संपला. पुढे किती न्यायचे, मागे किती ठेवायचे? लहान नकाशावर हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण तिथे मागे वळायला दोन चाली पुरतात. इथे अंतर हीच टंचाई आहे. चुकीच्या दिशेला पाठवलेली तुकडी परत येईपर्यंत लढाई होऊन गेलेली असते.

शिवाय प्रत्येकाचा पैसा वेगळा. एकाने दुसऱ्याला वस्तू द्यायची सोयच नाही. द्यायची असेल तर आपल्या किल्ल्यात ती निम्म्या भावात विकायची, आणि दुसऱ्याने ती पूर्ण भावात विकत घ्यायची. चोर आपले पैसे दुसऱ्याला देऊ शकतो, प्रेमात पडलेली जोडी एकमेकांत पैसे फिरवू शकते, बाकी कुणी नाही. जोड्या जमतात त्या शेजारशेजारच्या चौकटींत उभं राहून. जमल्या तर त्यांची मुलं दुसऱ्या पिढीत त्यांचे गुण आणि शस्त्रं घेऊन येतात. नाही जमल्या तर त्यांच्या जागी साधी पर्यायी पात्रं. म्हणजे तिसऱ्या अध्यायात कुणाला कुणाच्या शेजारी उभं केलंत, त्याचा परिणाम आठव्या अध्यायाच्या लढाईत दिसतो. इतक्या लांबचा विचार करायला लावणारी चाल मी दुसऱ्या कुठल्याही टॅक्टिकल गेममध्ये केलेली नाही.

आणि आर्डेन. जड चिलखतातला, सगळ्यांच्या मागे रखडणारा. या गेममध्ये एका फेरीत दोनदा वार करायचा तर वेग असून भागत नाही, त्यासाठी वेगळं कौशल्य अंगी लागतं, आणि ते आर्डेनकडे नाही. बहुतेक लोक त्याला किल्ल्यात ठेवून विसरतात. पण दुसऱ्या अध्यायात एका कोपऱ्यातल्या जागी फक्त आर्डेनला नेऊन उभं केलं की एक अंगठी मिळते, आणि ती अंगठी नेमकं तेच दोनदा वार करण्याचं कौशल्य देते. सगळ्यात मंद माणसाला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात चालवत न्यायचं. कुणी ते करत नाही म्हणून कुणाला ते सापडत नाही. मी पहिल्या वेळी नाही केलं. दुसऱ्या वेळी केलं, चाली मोजत मोजत, आणि ती अंगठी हातात आली तेव्हाचा आनंद अजून आठवतो. त्या नकाशाची लांबी त्या एका क्षणासाठी पुरेपूर वसूल झाली.

आता नशीब. जुन्या गेममध्ये 90 टक्के नेम असूनही वार चुकतो, ही तक्रार मीही केलेली आहे. पण त्यामागचा हिशेब समजला की ती विरून जाते. पहिल्या पाच गेममध्ये पडद्यावर 90 लिहिलं असेल तर खरोखर दहातला एक वार चुकतो. 2002 च्या सहाव्या गेमपासून नशिबाच्या एका आकड्याऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतली जाऊ लागली. त्यामुळे पडद्यावरचे 90 प्रत्यक्षात 98 होतात, 75 चे जवळजवळ 88, आणि शत्रूचे 25 साधारण 13 वर येतात. आपला नेम बहुधा पन्नासच्या वर आणि शत्रूचा खाली असतो, म्हणजे ही सवलत मुख्यतः खेळाडूलाच मिळते. सवलत असू द्या, मला ती वाईट वाटत नाही. पण आकडा खरा सांगणाऱ्या गेमला नशिबाचा म्हणायचं, आणि आकडा गुपचूप आपल्या बाजूने झुकवणाऱ्या गेमला डावपेचांचा, हे उलटं झालं. जुन्या गेममध्ये 75 टक्क्यांवर पाच वार करायचा बेत आखलात तर पाचही लागण्याची शक्यता चारात एकही नाही. म्हणून तिथे चुकलेल्या वारानंतर काय, याची सोय आधी करून ठेवावी लागते. तोच तर डावपेच.

पाचवा गेम, थ्रेशिया 776, सप्टेंबर 1999 मधला. त्यात न सांगता उगवणारी कुमक आहे, नुसते शत्रूच नव्हे तर जमीनही झाकणारं धुकं आहे, नकाशा संपेपर्यंत न उतरणारी झोप आहे. यातलं काही पहिल्या वेळी खेळणाऱ्यावर अन्यायच करतं, आणि ते मी झाकणार नाही. पण ‘छळायलाच बनवलाय’ म्हणणाऱ्याने तो गेम खेळाडूच्या हातात काय देतो ते बघितलेलं नाही.

इथे पैसा जवळजवळ नाहीच. म्हणून शत्रूला पकडायची सोय आहे. तुमचा बांधा त्याच्यापेक्षा मोठा हवा, आणि पकडताना तुमचं बळ, कौशल्य, वेग, संरक्षण सगळं निम्म्यावर येतं. पण पकडलात की त्याच्याकडचं सगळं तुमचं, आणि मग त्याला सोडून देता येतं. सुरुवातीच्या अध्यायांत मी समोर कुऱ्हाडवाला दिसला की आधी त्याला मारायचो. मग लक्षात आलं की मेलेल्याची कुऱ्हाड त्याच्याबरोबरच जाते. तेव्हापासून खेळ पूर्ण बदलला. आधी एकाने त्याला अर्धमेला करायचा, मग ओसियनसारख्या आडव्या बांध्याच्या माणसाने जाऊन त्याला उचलायचा, आणि तिसऱ्याने त्या दोघांच्या वाटेवर उभं राहून पाठ राखायची. शत्रूकडे हत्यारच उरलं नसेल तर तो लढाईशिवाय हाती लागतो. एका कुऱ्हाडीसाठी तीन माणसांची चाल. पहिल्या गेममध्ये शत्रू म्हणजे अडथळा होता. इथे शत्रू म्हणजे कोठार आहे.

त्यात थकव्याची भर. प्रत्येक लढाईने आणि जादूच्या काठीच्या प्रत्येक वापराने थकवा वाढतो, आणि तो त्या पात्राच्या कमाल एचपीपर्यंत पोचला की पुढच्या अध्यायात ते बसून राहतं. फक्त नायक लीफला ही अट नाही. म्हणजे आवडत्या चार जणांच्या जोरावर गेम काढायची सवय इथे चालत नाही. सगळ्यांना वापरावंच लागतं. पळून जायच्या अध्यायांत लीफ आधी बाहेर पडला तर मागे राहिलेले शत्रूच्या हाती लागतात, आणि त्यांना सोडवायची संधी थेट 21 व्या अध्यायाच्या जोड-अध्यायात, तुरुंगात मिळते. माझा एकजण तिथे अडकला होता. मधल्या सगळ्या अध्यायांत त्याची जागा रिकामी होती, आणि दार उघडून तो समोर आला तेव्हा मी पुढची चाल करायच्या आधी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

राहिला सल्ला: ‘सातव्यापासून सुरुवात करा’. सातवा सुरेख आहे, नायिका लिनचे पहिले अध्याय नवख्याला हाताला धरून शिकवतात, आणि शिकायला तो घ्यायला माझी काहीच हरकत नाही. पहिल्या गेममध्ये तर वार करण्याआधी किती लागेल हेही पडद्यावर दिसत नाही, सगळं आपणच मनात मांडायचं. आज ते जड जाणार हे उघड आहे. पण ‘सुरुवात करा’ आणि ‘आधीचे सोडा’ यांत फार अंतर आहे. सातवा झाला की मी कुणालाही थेट चौथा हातात देतो, पुन्हा एकदा तो लांबच लांब नकाशा, आणि एवढंच सांगतो की दुसऱ्या अध्यायात आर्डेनला किल्ल्यात ठेवू नकोस.