'भाजलेलं मडकं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पन्नाशीनंतर नवं शिकण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यातले तीनपैकी दोन मुद्दे बरोबर आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही ५८ वर्षांचे. निवृत्तीनंतर मोडी या जुन्या मराठी लिपीचा क्लास लावलात, दर रविवारी दोन तास, आणि दोन महिन्यांनी सोडलात. तुमचं म्हणणं असं, की ग्रोथ माइंडसेट हे शाळकरी मुलांचं औषध आहे. भाजलेल्या मडक्याला नवा आकार देता येत नाही. आणि 'जमत नाही'च्या जागी 'अजून जमत नाही' म्हटल्याने अक्षर वाचता येतं का?

पहिला मुद्दा मान्य. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांची ग्रोथ माइंडसेटची ही कल्पना, म्हणजे क्षमता ठरीव नसते, ती वाढवता येते, बहुतेक वेळा विद्यार्थ्यांवरच तपासली गेली. २०१८ साली अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा सरासरी परिणाम किरकोळ निघाला. २०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर प्रयोग झाला, त्यांतल्या काहींना तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन धडा दिला; त्यांच्यापैकी अभ्यासात मागे असलेल्यांचे सरासरी गुण सुमारे ४ च्या मापावर ०.१० ने वाढले. फुकट मिळत असेल तर वाईट नाही, पण यात चमत्कार काही नाही. तेव्हा मूळ लेखातलं 'वय हा फक्त आकडा आहे' हे वाक्य मागे घेतलं आहे. ते खोटंच होतं. विचारांचा वेग तिशीच्या आसपासपासूनच हळूहळू उतरतो.

मडक्याचं मात्र पटत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० ते ९० वर्षांच्या लोकांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडी शिवणं शिकवलं. त्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची स्मृती सुधारली. नुसत्या गप्पा-सहलींच्या गटात तसं झालं नाही. यातला महत्त्वाचा आकडा वेळेचा आहे: आठवड्याला पंधरा तासांहून जास्त. तुमचे आठ रविवार म्हणजे सोळा तास. तुमचे दोन महिने मिळून त्यांचा एक आठवडा होतो. एवढ्यावर मडकं भाजलेलं ठरवणं घाईचं आहे.

दुसऱ्या महिन्यात गळती का होते, हे मोडीच्या स्वभावात आहे. पहिला महिना अक्षरांच्या तक्त्यावर जातो आणि सगळं येतंय असं वाटतं. मग समोर खरा कागद येतो. आधी आडवी ओळ आखून तिला अक्षरं लटकवलेली, हात न उचलता लिहिलेली, शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही. काना-वेलांटी लागली की अक्षराचा आकार पालटतो. 'र' तर शेजारच्या अक्षराप्रमाणे वेश बदलतो. तक्ता समोर ठेवून ओळखणं आणि तक्त्याशिवाय आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि सराव फक्त पहिल्याचा झालेला असतो.

म्हणून सराव उलटा करा. रोज पाचच अक्षरं, त्यांच्या काना-मात्रांसकट. तक्ता पालथा घालून आठवून लिहा, मग ताडा. तीच पाच दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी पुन्हा, दर वेळी जुन्या अक्षरांत मिसळून. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं; एका बैठकीत दोन तास घातले तर दुसरा तास बहुधा वाया जातो. तिसऱ्या आठवड्यापासून लिप्यंतर (तोच मजकूर देवनागरीत) उपलब्ध असलेला, पेशवेकालीन स्वच्छ वळणाचा कागद घ्या आणि दहा ओळींवर थांबा. पहिल्या फेरीत खात्रीची अक्षरं तेवढी लिहा, बाकी जागा कोऱ्या. दुसऱ्या फेरीत अंदाजाने भरा. तिसऱ्या फेरीत लिप्यंतराशी ताडा. दुसरी फेरी तुमच्या वयाची आहे. शब्दसंग्रह साठीपर्यंत वाढत राहतो. बिघा, पायली, वतन, मुक्काम, किर्द हे शब्द कानावरून गेलेला माणूस जिथे 'मु॥' पाहून मुक्काम म्हणतो, तिथे बावीस वर्षांचा मुलगा अक्षरंच मोजत बसतो.

आता 'अजून'बद्दल. नुसतं म्हटल्याने काहीच होत नाही, हे तुमचं बरोबर. 'लक्षात राहत नाही' आणि 'अजून लक्षात राहत नाही' दोन्ही सारखीच निरुपयोगी वाक्यं, कारण उद्या सकाळी काय करायचं ते त्यांतून कळत नाही. एक वही करा, तीन रकाने: काय वाचलं, काय होतं, का चुकलं. पन्नास चुका झाल्या की मोजा. बहुतेकदा निम्म्याहून जास्त चुका चार-पाच जागीच साचलेल्या दिसतात. 'र जोडून आला की मी चुकतो' या वाक्यावर काम करता येतं.

ही वही मध्यमवयात जड जाते, त्याचं कारण स्मृतीत नाही. तीस वर्षं ज्यांच्या सहीने फायली हलल्या, त्यांना पोरसवदा मास्तरांनी सगळ्यांदेखत 'काका, परत वाचा' म्हणणं झेपत नाही. मग मोठ्याने वाचायची पाळी टाळली जाते, चुका दिसत नाहीत, आणि खापर वयावर फुटतं.

काही खापर मात्र शरीरावरच फोडायला हवं. फिकट शाई पिवळट कागदावर वाचायला जवळचा नंबर ताजा हवा आणि दिवा डाव्या बाजूने हवा (डावखुऱ्यांना उजव्या). कानाला कमी येत असेल तर पहिल्या रांगेत बसा. झोप तुटत असेल, किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल अथवा थायरॉइड बिघडलेलं असेल, तरीही स्मृती दगा देते. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. आणि ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं असं होत असेल, तर तिथे माइंडसेटचं काम नाही, डॉक्टरांचं आहे.

शेवटी विचारलंत, क्लास पुन्हा लावू का? लगेच नको. आधी सहा आठवडे वही चालवा. त्यानंतर न पाहिलेल्या दहा ओळींत पहिल्या फेरीला निम्मी अक्षरं लागली, तर मास्तरांकडे वही घेऊनच जा आणि तिच्यातलेच प्रश्न विचारा. नाही लागली, तर वर्गापेक्षा एकट्याला तासभर शिकवणारा गाठा. आणि या सहा आठवड्यांत कळलं की जुने कागद वाचण्यात मुळातच रस नाही, निवृत्त माणसाने काहीतरी करावं म्हणून लावला होता क्लास, तर खुशाल सोडा.