रिपोर्टातलं ते एक अक्षर

मॅमोग्रामचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की आपण बायका आधी 'नॉर्मल' हा शब्द शोधतो. तो सापडला की कागद फायलीत. पण त्याच कागदावर बऱ्याचदा स्तनांच्या घनतेची एक ओळ असते आणि तिच्यात ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर; ए म्हणजे सर्वांत कमी घनता, डी म्हणजे सर्वांत जास्त. त्यावर कुणी बोलत नाही. 'उगाच घाबरतील' हे त्याचं नेहमीचं कारण, आणि मला ते अजिबात पटत नाही.

घनता म्हणजे चरबीच्या तुलनेत ग्रंथी आणि तंतुमय भाग किती आहे ते. हाताला ती कळत नाही. स्तन घट्ट लागतात म्हणून घनता जास्त, असं काही नसतं. फोटोत चरबी काळपट दिसते आणि ग्रंथींचा भाग पांढरा. गाठही पांढरीच! म्हणजे पांढऱ्यात पांढरं शोधायचं. आणि गाठ लपते एवढ्यावर हे थांबत नाही, मुळात स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. कॅनडातल्या नॉर्मन बॉइड यांच्या गटाने 2007 साली मांडलेल्या आकड्यांनुसार 75 टक्के किंवा त्याहून जास्त घनता असलेल्या बायकांना कर्करोगाचा धोका 10 टक्क्यांहून कमी घनता असलेल्यांच्या जवळपास पावणेपाच पट होता.

अमेरिकेतल्या नॅन्सी कॅपेलो वर्षानुवर्षं नेमाने मॅमोग्राम करून घेत होत्या, सगळे नॉर्मल. 2004 मध्ये कर्करोग सापडला तेव्हा तो काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता. त्या बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे कनेटिकट राज्यात 2009 साली घनता कळवण्याचा कायदा झाला. देशभर ते सक्तीचं व्हायला 2024 चा सप्टेंबर उजाडला. ते बघायला त्या नव्हत्या, 2018 मध्येच गेल्या.

बरं, कळवलं. पुढे काय? खरी गोची इथे आहे. सी आणि डी मिळून जवळजवळ निम्म्या बायका होतात. निम्म्या बायकांना 'तुम्हाला धोका आहे हं' असं सांगून घरी पाठवणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

नेदरलँड्समध्ये याचा नीट अभ्यास झाला. मॅमोग्राम नॉर्मल, पण घनता अगदी जास्त, अशा 40,373 बायका घेतल्या आणि त्यांतल्या काहींना एमआरआय करून घ्या म्हणून बोलावलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उपटणारे कर्करोग न बोलावलेल्या गटात हजारी 5 होते, बोलावलेल्या गटात हजारी 2.5. तेही बोलावलेल्यांपैकी फक्त 59 टक्के आल्या असताना. पण पहिल्या फेरीत एमआरआय केलेल्या हजारातल्या सुमारे 80 जणींना संशयावरून पुढच्या तपासण्यांच्या चक्रातून जावं लागलं आणि निघालं काहीच नाही. तो घोरही मोजायलाच हवा.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते ब्रिटनमधलं 2025 चं संशोधन. घनता जास्त, मॅमोग्राम नॉर्मल, अशा बायकांमध्ये यंत्राने आपोआप केलेल्या सोनोग्राफीत हजारी साधारण 4 कर्करोग सापडले. कमी वेळात उरकणाऱ्या छोट्या एमआरआयमध्ये 17, आणि गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन केलेल्या मॅमोग्राममध्ये 19. आणि 'सोनोग्राफी करून घ्या' हाच सल्ला किती सहज दिला जातो! अर्थात जास्त सापडले म्हणजे तितके जीव वाचले, असा हिशेब लगेच मांडता येत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही 2024 मध्ये म्हटलं, की जादा तपासणीच्या बाजूने किंवा विरोधात सांगायला पुरावा पुरेसा नाही. पण घनता आणि धोका यांचा संबंध जॉन वुल्फ यांनी 1976 मध्येच मांडला होता. मग पुरावा गोळा करायला एवढी वर्षं कुणी लावली?

तोवर रिपोर्टातलं अक्षर विचारून घ्या. डी असेल तर एमआरआयचा विषय तुम्हीच काढा. सी असेल तर वय, घरात कुणाला झाला होता का, पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का (त्यांनी घनता वाढू शकते), हे सगळं डॉक्टरांसमोर ठेवून ठरवा. आणि घनता जास्त आहे म्हणून मॅमोग्रामच सोडून देऊ नका. कॅल्शियमचे बारीक कण, जे कधीकधी रोगाची पहिली खूण असतात, ते त्यातच सर्वांत नीट दिसतात.