सगळ्यांना समजलं ना? मग पुढे चला

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. "तुम्ही भाषेच्या शिक्षिका ना? वेल्डिंगच्या बॅचमध्ये एक जण आहे, वाचन जरा कच्चं आहे त्याचं. सोमवारी लेखी परीक्षा आहे. जरा बघून घ्या." बॅच सुरू होऊन महिने उलटले होते, कच्चेपणा मात्र शुक्रवारी सापडला. या नियोजनाने मी इतकी भारावले की प्रौढांना व्यवसाय शिकवणाऱ्या सर्वांसाठी ही पद्धत लिहून ठेवावी असं ठरवलं. बऱ्याच जणांना ती उपजतच येते. उरलेल्यांनी कृपया नीट वाचावं.

प्रवेशाच्या वेळी काहीही तपासू नका. फॉर्म घरून भरून आणायला सांगा, म्हणजे तो मुलीने भरला की शेजाऱ्याने, हा प्रश्नच मिटला. खाली सही आली की माणूस साक्षर. एखादा दर वेळी चष्मा विसरून येत असेल आणि "घरी जाऊन वाचतो" म्हणत असेल तर तो विसराळू आहे, एवढंच समजा. जगात अशी माणसं असतात तरी किती? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने २०२३ साली ३१ देशांत आणि अर्थव्यवस्थांत प्रौढांची पाहणी केली. वाचन, आकडेमोड आणि अडचणीतून वाट काढणं या तिन्हींत अगदी तळाच्या पायऱ्यांवर असलेले सरासरी १८ टक्के निघाले. तेही त्या मानाने श्रीमंत देशांत. पण तुमच्या बॅचमध्ये एकही नाही, कारण तुम्ही विचारलंच नाही.

शिकवताना अधूनमधून "समजलं ना?" विचारा. माना हलतील. हललेली मान हा पुरावा धरून पुढे चला. पंचेचाळिशीच्या माणसाने, मुलाच्या वयाच्या पोरांमध्ये बसून, हात वर करून "मला हे वाचता येत नाही" असं का सांगितलं नाही, याचं नवल पुढे निकालाच्या दिवशी करा.

ज्याची घरची भाषा वेगळी आहे त्याला तेच वाक्य मोठ्याने सांगा. तरी नाही समजलं तर आणखी मोठ्याने.

फळ्यावर लिहिलेलं लगेच पुसा. मोबाइलवर फोटो काढू देऊ नका, शिस्त बिघडते.

आता भाषेच्या बाईंकडे पाठवलंच, तर वर्ग सुटल्यावर पाठवा. वेगळ्या खोलीत. दारावर "वाचन सुधार वर्ग" अशी ठळक पाटी लावा, म्हणजे ज्यांना वाचता येतं त्या सगळ्यांना कळेल की आत कोण जातंय. आणि तिथे त्याला बालवाडीचं पुस्तक द्या. क कमळाचा. जो माणूस दिवसभर रेग्युलेटर, नोझल, फिलर रॉड हाताळतो त्याने कमळापासूनच सुरुवात करायला हवी. पाउलो फ्रेइरी या शिक्षणतज्ज्ञांनी १९६३ साली ब्राझीलमधल्या आंजिकुस गावात शेतमजुरांना त्यांच्याच कामातले आणि जगण्यातले शब्द घेऊन सुमारे चाळीस तासांत वाचायला शिकवलं म्हणतात, ते जाऊ द्या. त्यांच्याकडे कमळाचं चित्र नसेल.

गणित हा स्वतंत्र विषय आहे, हे विसरू नका. कारागिरीशी त्याचा संबंध नाही. मिश्रणाचं प्रमाण १:४ असं छापा आणि गप्प बसा. एक भाग रसायन आणि चार भाग पाणी, की एकूण चार भागांत एक भाग रसायन? दोन पुस्तिकांत दोन अर्थ सापडतात, मी पाहिलेत. स्वच्छतेच्या अभ्यासक्रमातल्या एका बाईंनी हे विचारलं तेव्हा प्रशिक्षक हसले. "एवढं साधं येत नाही?" म्हणाले. वर्गातली सर्वांत अचूक शंका होती ती, आणि बाई पुन्हा काही विचारायच्या नाहीत अशी तिथल्या तिथे सोय झाली.

यांना आकडे येतच नाहीत, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत प्रौढांच्या मागोमाग दुकानात फिरून पाहिलं. कोणता माल स्वस्त पडतो हा हिशेब त्यांचा ९८ टक्के वेळा बरोबर यायचा. त्याच माणसांना त्याच धर्तीची गणितं कागदावर दिली तर ५९ टक्के. आपण अर्थातच कागदाचा आकडा खरा धरायचा. आणि शिकलेल्यांचं गणित पक्कं असतं यावर श्रद्धा ठेवायची. १९८३ साली कॅनडात एका प्रवासी विमानात इंधन भरताना किलो आणि पौंडांची गल्लत झाली. लिटरचं वजन काढायला पौंडांचा गुणक वापरला आणि उत्तर किलोत धरलं, म्हणजे लागणार होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं. हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकाने ते गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं आणि सगळे वाचले. तो आकडा जमिनीवरच्या आणि विमानातल्या कितीतरी शिकलेल्या डोळ्यांखालून गेला होता. पण वाचन सुधार वर्गात कोणाला पाठवलं नसणार.

आणि आता मुख्य शस्त्र. लेखी परीक्षा. काम हाताचं असलं तरी परीक्षा कागदावरच घ्या, आणि प्रश्न असा लिहा की व्यवसाय येणाऱ्याला तो कळता कामा नये. नमुना देते. त्या शनिवारी मला जी सरावाची प्रश्नपत्रिका मिळाली त्यातला आहे: "खालीलपैकी कोणती कृती वायुगळतीची तपासणी केल्याशिवाय करणे अयोग्य ठरणार नाही?" वाचा. पुन्हा वाचा. मी भाषा शिकवते, तरी मला पेन्सिल घेऊन नकार खोडत बसावं लागलं. केल्याशिवाय, अयोग्य, नाही. तीन नकार एका वाक्यात, आणि खाली चार पर्याय, त्यातला एक "वरीलपैकी कोणतेही नाही". हा प्रश्न वेल्डिंगचा नाही. हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या आळसाचा आहे. समोर बसलेला माणूस बोट ठेवून एकेक अक्षर जोडत होता. "तपासणी"पर्यंत पोहोचेतो "खालीलपैकी" निसटलेलं. कपाळावर घाम. मी कागद उलटा केला आणि म्हटलं, "दादा, गॅस गळतोय का हे कसं बघता, सांगा." एका दमात सांगितलं त्यांनी. साबणाचं पाणी जोडावर लावायचं, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून कधीच बघायचं नाही. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही. मी न विचारलेलं तेलाचंही सांगितलं, कारण धोका कुठे असतो हे त्यांना माहीत होतं. हे ज्ञान नाही? मग त्या तीन नकारांच्या वाक्याने तुम्ही काय मोजता? सोमवारी ते लेखीत नापास झाले. प्रात्यक्षिकात त्यांचा जोड परीक्षकांनी बाकीच्यांना दाखवायला बाजूला काढून ठेवला होता. निकालपत्रावर शेरा आला: "सुरक्षेचे ज्ञान अपुरे."

अपुरं कोणाचं?

यावर शेवटची युक्तीही सांगून टाकते. "भाषा शिकवणं माझं काम नाही" असं ठामपणे म्हणा. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी २००४ पासून आय-बेस्ट नावाने एक खुळचट प्रकार चालवलाय. व्यवसायाचा शिक्षक आणि वाचन-गणिताचा शिक्षक एकाच वर्गात उभे राहतात, एकाच धड्यावर, पहिल्या दिवसापासून. आपल्याला हे परवडत नाही. नापासांना परत बसवणं परवडतं.

बास झालं. आता सरळ बोलते.

अहो, तुमच्या व्यवसायाची भाषा तुम्हीच शिकवायची असते. गेजवरचा आकडा वाचणं, धोक्याची सूचना वाचणं, कामाचं पत्रक भरणं हे वेल्डिंगच आहे. ते बाहेरून कोणी आणून चिकटवणार नाही. माझ्याकडे जादू नाही. पहिल्या आठवड्यात एकट्याला बाजूला घेऊन, कारखान्यातलाच एखादा कागद हातात देऊन, "यातलं काय जड जातंय?" एवढं विचारलं असतं तर आपण दोघांनी मिळून पुष्कळ काही केलं असतं. विचारायला काय लागतं? मशीन दाखवतानाच त्यावरचा शब्द बोट ठेवून वाचता येतो. एका वाक्यात एकच सूचना लिहिता येते. जिथे परीक्षेचा नियम आड येत नाही तिथे प्रश्न तोंडी विचारता येतो, आणि जिथे आड येतो तिथे नियम बदला म्हणून वर लिहिता येतं. मी लिहिलंय. त्याखाली सही करायला एकही प्रशिक्षक पुढे आला नाही, "आमच्या वेळी कोणी असे लाड केले?" म्हणाले. तुमच्या वेळी तुम्हाला वाचता येत होतं म्हणून तुम्हाला लागलं नाही, इतकंच. यात तुमचं कर्तृत्व काय?

आणि ते दादा कमी बुद्धीचे नाहीत. शाळा सुटली तेव्हा ते लहान होते, त्यात त्यांचा दोष नव्हता. आता शिकायला आलेत, दिवसभर काम करून. त्यांना लाज वाटते ती तुमच्या वर्गात वाटते, कामावर नाही. ही लाज तुम्ही त्यांना दिली आहे.

तो तीन नकारांचा प्रश्न अजून प्रश्नपेढीत तसाच आहे. पुढच्या बॅचलाही तोच येणार. काढा तो आधी.