आत्मे पिणाऱ्या तलवारीला माणसात आणण्याची कृती

जादूची तलवार कादंबरीत असते तोवर तिचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. राजे मरतात, नगरं बुडतात, तलवार तशीच. तिला खरंच संपवायचं असेल तर तिला रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे फासे टाकून गोष्टीतली पात्रं वठवायच्या खेळात, आणा आणि तिचे नियम लिहायला बसा. हा प्रयोग मी जुळे सोलापुरातल्या एका गच्चीवर, ऐन मे महिन्यात, पाच साक्षीदारांसमोर यशस्वी करून दाखवला आहे. तेव्हा अनुभवी माणूस सांगतोय म्हणून ऐका.

तलवार निवडताना किरकोळ काही धरू नका. शत्रू जवळ आला की निळी चमकणारी एखादी घेतलीत, तर दोन ओळींत नियम आटोपतो आणि बिघडवायला काही उरत नाही. 'व्हॉर्पल' तलवारीचंही तेच. लुईस कॅरोलनं १८७१ साली एका अगम्य कवितेत ती चालवली आणि या शब्दाचा अर्थ आपल्यालाही सांगता येत नाही म्हणून मोकळा झाला. खेळवाल्यांना बरोबर सांगता आला. १९७५ साली 'ग्रेहॉक' नावाच्या पुरवणीतून ती डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे असल्या खेळांच्या थोरल्या भावात, आली, आणि आज तिचा अर्थ असा की वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की मुंडकं खाली. शंभरात पाच वेळा. सुटला कवी. हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्रींनी तर 'चंद्रकांता संतति'त डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, कामच ठेवलं नाही. तिलिस्मी खंजर लागला की समोरचा बेशुद्ध, विजेसारखा लखलखाट, आणि ज्याच्या बोटात त्याच्या जोडीची अंगठी असेल त्याला काही होत नाही. नियम, अपवाद, सगळं तयार. अशा सोयीच्या हत्यारांपासून लांब राहा.

आपल्याला हवी इंग्रज कादंबरीकार मायकेल मूरकॉकची 'स्टॉर्मब्रिंगर'. काळी, कण्हणारी, स्वतःचं डोकं असलेली. हिचा मालक एल्रिक, पांढरा फटक, औषधांवर जगणारा अशक्त राजा. तलवार समोरच्याचा आत्मा पिते आणि त्यातलं बळ ह्याच्या अंगात भरते. १९६१ साली छापलेल्या पहिल्याच कथेत ती त्याच्या प्रेयसीचा घास घेते, आणि १९६५च्या कादंबरीत शेवटी त्याचाच नंबर लागतो. थोडक्यात, सावकारी व्यवहार. अडल्या वेळी हवं तेवढं मिळतं, फक्त घरदार लिहून द्यावं लागतं.

तर पहिलं काम, व्याज माफ करा.

त्यासाठी पुस्तक 'त्याच्या अंगात बळ संचारलं' इथपर्यंत वाचायचं आणि मिटायचं. पुढं कोण मेलं, कुणासाठी रडला, हे खेळात कुठं बसवणार? बळाचा मात्र आकडा काढता येतो. प्लस थ्री लिहा, म्हणजे फाशावर पडेल त्यात तीन मिळवायचे; भारदस्त दिसतं. वीस बाजूंच्या फाशावर एकेक प्लस म्हणजे पाच टक्के, म्हणजे साम्राज्य बुडवणारी तलवार तुम्ही पंधरा टक्क्यांवर आणून ठेवलीत. चादरींच्या सेलमध्ये ह्याहून जास्त सूट मिळते.

आता जुन्या लोकांच्या नादी लागू नका हे सांगायलाच हवं, कारण त्यांना व्याजाचं फार कौतुक होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स रचणाऱ्या गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या १९७४च्या पहिल्या पुस्तिकांतच जादूच्या तलवारींना बुद्धी होती, अहंकार होता, आणि चुकीच्या स्वभावाच्या माणसानं नुसता हात लावला तरी त्याला इजा व्हायची. १९७९च्या नियमांत तर बाकायदा बेरीज. मालकाची बुद्धी, कारिश्मा (म्हणजे छाप पाडायची ताकद) आणि लेव्हल (म्हणजे खेळून कमावलेली पायरी) मिळून जे होईल ते तलवारीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं, की आता तलवार मालकाला चालवणार. १९८१ साली केऑसियम कंपनीनं 'स्टॉर्मब्रिंगर' नावाचाच खेळ काढला. त्यात जादूचं हत्यार म्हणजे हत्यारात बांधून घातलेला दैत्य. तो तुमचं ऐकतो, पण आवडीनं नव्हे. त्याआधी १९८० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या देवदेवतांच्या पुस्तकात एल्रिकची अख्खी दुनिया छापली होती, पुढच्या आवृत्त्यांतून ती काढून टाकली. तलवारीला पुस्तकाबाहेरच काढणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग खरा, पण तो प्रकाशकांना परवडतो. आपल्याकडे पोरं रविवारी संध्याकाळी फासे घेऊन येऊन बसलेली असतात.

आमचा डीएम मीच. मी स्टॉर्मब्रिंगर थेट न आणता तिची चुलत बहीण आणली. डंजन्स अँड ड्रॅगन्सचीच 'ब्लॅकरेझर', १९७९, रचनाकार लॉरेन्स शिक. काळी, आत्मे खाणारी, बोलणारी. २०१४च्या नियमांत हिचं व्याज फार नीट लिहिलेलं आहे. मारलेल्याचे जेवढे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव मोजायचे आकडे, तेवढे तात्पुरते मालकाला. पण तीन दिवस आत्मा मिळाला नाही, तर पुढच्या सूर्यास्ताला तलवार भांडायला उठते. मालकानं कारिश्मावर फासा टाकून सोळा गाठायचे. नाही गाठले तर बारा बाजूंचा फासा टाकायचा, आणि जे पडतील तितके तास तलवार म्हणेल ती पूर्व दिशा. एखाद्या चालत्या मढ्याला मारलं तर मार उलटा मालकालाच बसतो आणि मढं टवटवीत होतं. हे शेवटचं कलम मला फार आवडायचं. तेच आधी गेलं.

तलवार पडली अण्णाच्या हातात. अण्णा कारखानदाराचा मुलगा, अशोक चौकाकडे त्यांचे माग आहेत. तो खेळतो त्या लढवय्याचा कारिश्मा आठ, म्हणजे फाशावर पडेल त्यातून एक वजा. सोळा गाठायला फाशावर सतरा किंवा वर हवेत. पाचात एकदा जमणार.

"मास्तर, हे काय वो? तलवार माझी आणि माझ्यावरच दादागिरी करूलालीय?"

"तीन दिवस उपाशी आहे ती."

"तीन दिवसांचं काय सांगूलालाव! आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतंय. आम्ही कुणाला चावूलालोय का?"

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हालाही सुचणार नाही, प्रयत्न करू नका. सोलापूरकराला तहानेची भीती घालणारा नियम अजून कुणी लिहिलेला नाही. तीनाचे पाच दिवस करून टाका.

इथं एक गोष्ट जपा. एक सवलत दिली की तिथं थांबायचं नाही, नाहीतर लोकांना वाटेल तुम्हाला काही तत्त्वं आहेत. आमच्यात एक वकीलसाहेब आहेत, मांत्रिक खेळतात. त्यांनी विचारलं, तलवारीचा आवाज मालकालाच ऐकू येतो की सगळ्यांना? मी म्हटलं, ऐका. आणि उभा राहून तलवारीसारखा कण्हलो. मनापासून कण्हलो, चांगलं लांबवून, मध्ये एक हुंदका. शेजारच्या गच्चीवर काकू कुरडया काढत होत्या. त्या कठड्याशी आल्या.

"काय झालं वो? पोटात दुखूलालंय का? ओवा देऊ?"

त्या दिवसापासून तलवार मुकी आहे. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, तशी नोंद आहे.

एकानं मध्येच हळूच विचारलं, तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर, मग भवानी तलवारीचे नियम का करू नयेत? सगळे एकदम गप्प झाले आणि अण्णानं चहा मागवला. अख्ख्या मोहिमेत आम्ही घेतलेला शहाणपणाचा निर्णय तेवढा एकच, आणि तो लिहून ठेवायची गरज पडली नाही.

नियम कसा दिसला पाहिजे, ते एकदा अण्णाकडे जाऊन जॅकार्डचा माग बघा म्हणजे कळेल. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते, पट्टीला भोकं. भोक असेल तिथं ताण्याचा धागा वर, नसेल तिथं खाली. चादरीवरचा मोर म्हणजे एवढंच, वर आणि खाली. पट्टी चुकली की मोराच्या मानेत आडवी रेघ येते आणि तसाच वाण पुढं विणला जातो. मागाला त्याचं काही वाटत नाही. मी ती माळ बराच वेळ बघत उभा होतो. अण्णाचे वडील म्हणाले, "मोर पट्टीत नसतोय मास्तर. कुठं भोक पाडायचं नाही हे ज्याला कळतंय, त्याला मोर जमतोय." हे वाक्य तुम्ही मनावर घेऊ नका. मीही घेतलं नाही. घरी येऊन जिथं जिथं कुणी तक्रार केली होती, तिथं तिथं एकेक भोक पाडलं.

आत्मा मित्राचा लागतो का? नाही. निरपराधाचा? नाही. मालकाला वाईट वाटलं पाहिजे का? ऐच्छिक. 'आत्मा' म्हणजे नेमकं काय, हे वकीलसाहेबांनी लेखी मागितलं, तेव्हा मी दमलो होतो. लिहून दिलं: 'कोणताही जिवंत प्राणी.' सही केली.

पुढच्या रविवारी अण्णा हिशेब करूनच आला. नियमांच्या पुस्तकात व्यापारी मालाचा तक्ता आहे. त्यात एक कोंबडी दोन तांब्याच्या नाण्यांना मिळते. शंभर तांब्याची नाणी म्हणजे एक सोन्याचं. म्हणजे एका मोहरेत पन्नास कोंबड्या. एक दिवसाआड एक कापली, तर तलवारीचं शंभर दिवसांचं रेशन एका मोहरेत. पाच दिवसांची मुदत मी दिलेलीच होती, पण अण्णा म्हणाला, असू दे, देवाधर्माचं आहे, कमी नको पडायला.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण सही माझी होती.

तेव्हापासून आमची मोहीम अशी निघते. पुढं मांत्रिक, मागं लढवय्या, आणि त्याच्या मागं बैलगाडीत वेताचे चार खुराडे. आत्मे पिणारी काळी तलवार खुराड्यांच्या वर आडवी बांधलेली, कारण खालचं दार तिच्यामुळं घट्ट राहतं. ड्रॅगनच्या गुहेपाशी पोचलो, तेव्हा पहिला अर्धा तास कोंबड्या कुठं उतरवायच्या यात गेला. ड्रॅगन तोवर थांबला. लढाई झाली, अण्णानं फासा टाकला, ड्रॅगन पडला. दोनशेवर हिट पॉइंटचा आत्मा तलवारीनं गिळला तेव्हा कुणी मान वर करून बघितलंही नाही, कारण तिकडं एक कोंबडा सुटला होता.

सध्या वाद एवढाच आहे की कोंबड्यांच्या दाण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा. अण्णा म्हणतो, सगळ्यांच्या. वकीलसाहेबांचं म्हणणं, तो तलवारीच्या मालकानं सोसावा, कारण मूळ करारात व्याज तसंही त्याच्याच नावावर होतं. युक्तिवाद तीन रविवार चालू आहे. काकू अधूनमधून कठड्याशी येऊन ऐकतात.