‘चिन्यांकडे विनोदाला शब्दच नव्हता’ हे खरं नाही

चिनी तत्त्वज्ञांबद्दलचा एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं असं: चिनी भाषेत विनोदाला शब्दच नव्हता, तो १९२४ मध्ये इंग्रजीवरून घेतला. म्हणजे जुने ऋषी विनोद करतच नसणार. कन्फ्यूशियस तर कधी हसलाच नाही. त्यांच्या वचनांत आपल्याला जे हसू येतं ते भाषांतरातल्या गोंधळामुळे. यातलं फक्त साल बरोबर आहे.

‘शब्द १९२४ चा, म्हणून विनोदही नवा’

लेखक लिन यूतांग यांनी त्या वर्षी ‘ह्यूमर’साठी ‘योउमो’ हा उच्चारावर बेतलेला शब्द सुचवला आणि पुढे तो रुळला. पण त्याआधी चिनी माणसाकडे ‘हुआजी’, ‘शिए’, ‘शी’ असे शब्द होतेच. सीमा च्येन यांच्या इतिहासग्रंथात १३० प्रकरणं आहेत. इसवी सनापूर्वीच्या या ग्रंथातलं १२६ वं प्रकरण आख्खं विनोदवीरांच्या चरित्रांचं आहे, आणि त्याच्या शीर्षकातच ‘हुआजी’ हे अक्षरयुग्म आहे.

त्यातला यौ झान हा दरबारी विदूषक बघा. छिन घराण्याच्या दुसऱ्या सम्राटाच्या डोक्यात आलं की नगराच्या तटाला लॅकर फासायचं. हा लॅकर म्हणजे झाडाचा चीक. यौ झान म्हणाला, उत्तम कल्पना! प्रजेला खर्च पडेल, पण तट असा गुळगुळीत होईल की शत्रूला चढताच येणार नाही. फासणं सोपं आहे हो, तेवढी लॅकर वाळवायची खोली बांधणं मात्र अवघड जाईल. लॅकर उन्हात वाळत नाही, त्याला सावलीची, दमट, बंद जागा लागते. म्हणजे आख्ख्या तटावर छप्पर! सम्राट हसला आणि बेत रद्द झाला. कारागिरीतली ही एक गोष्ट ठाऊक नसेल तर विनोद हातातून निसटतो, आणि मग वाचणारा म्हणतो की विनोद नव्हताच.

‘कन्फ्यूशियस कधी हसला नाही’

‘लुन्यू’ या त्याच्या संवादसंग्रहाचा १७ वा भाग उघडा. शिष्य झीयौ वूछंग नावाच्या लहानशा गावाचा कारभारी आहे. गुरुजी तिथे येतात, तर गावात तंतुवाद्यं आणि गाणं चाललेलं. मूळ मजकूर सांगतो की गुरुजी हसले आणि म्हणाले, कोंबडी कापायला बैल कापायचा सुरा कशाला? झीयौ त्यांचीच शिकवण त्यांना ऐकवतो: वरच्याने दाओ, म्हणजे योग्य मार्ग, शिकला तर तो माणसांवर प्रेम करतो, खालच्याने शिकला तर त्याच्याकडून काम करून घेणं सोपं जातं. यावर गुरुजी बाकीच्या शिष्यांकडे वळतात: “याचं बरोबर आहे. मघाशी बोललो ती गंमत होती.” इथल्या ‘गंमत’साठी मुळात ‘शी’ हेच अक्षर आहे, म्हणजे शब्द होता आणि तो खुद्द कन्फ्यूशियसच्या तोंडी होता.

पाचव्या भागातलं आणखी एक. जी वन्झी हा मंत्री प्रत्येक गोष्ट तीनदा विचार करून करतो, असं कन्फ्यूशियसच्या कानावर आलं. तो म्हणाला, “दोनदा पुरे.”

‘हसू येतं ते भाषांतरामुळे’

हा मुद्दा सगळ्यांत चुकीचा आहे, कारण भाषांतरात विनोद बहुतेक वेळा मरतो. च्वांगझी या दाओवादी तत्त्वज्ञाच्या नावाच्या ग्रंथात, १७ व्या प्रकरणात, तो आणि तर्कपटू हुईझी हाओ नदीवरच्या पुलावर उभे आहेत. च्वांगझी म्हणतो, मासे काय आनंदात आहेत! हुईझी विचारतो, तू मासा नाहीस, मग तुला ‘आन्’ कळलं? खूप वाद होतो. शेवटी च्वांगझी म्हणतो, तू ‘आन्’ विचारलंस म्हणजे मला कळलंय हे धरूनच विचारलंस. मला ते इथून कळलं, हाओ नदीवरून.

सगळी गंमत ‘आन्’ मध्ये आहे. त्याचा अर्थ ‘कसं’ असाही होतो आणि ‘कुठून’ असाही. इंग्रजीत ‘कसं’ निवडलं की शेवटचं उत्तर असंबद्ध वाटतं, आणि वाचक त्यात गूढ अर्थ शोधू लागतो. मराठीत मात्र ‘तुला कुठून कळलं?’ या एकाच प्रश्नात दोन्ही अर्थ मावतात. “कुठून कळलं?” “इथून.” मुळातली कोटी जशीच्या तशी उतरते. म्हणूनच इंग्रजीवरून मराठीत आणताना ‘कसं’ लिहिणं ही खरी हानी आहे.

दुसरी हानी पात्रांची होते. रोपं लवकर वाढावीत म्हणून ती वर ओढणारा, कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियस या तत्त्वज्ञाच्या गोष्टीतला शेतकरी आणि बुंध्यावर आपटून मेलेला एक ससा मिळाला म्हणून नांगर टाकून दुसऱ्याची वाट बघणारा, हान फेइ या तत्त्वज्ञाच्या गोष्टीतला शेतकरी, दोघेही सोंग नावाच्या प्राचीन चिनी राज्यातले. ‘सोंगचा एक माणूस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढे वेडेपणा येणार हे कळायचं, जसं आपल्याला शेखचिल्लीचं नाव ऐकताच कळतं. भाषांतरात ‘एक शेतकरी’ केलं की ती हाक जाते आणि उरतो नुसता बोध.

काही विनोद मात्र कुठल्याही भाषेत तगतात. मेन्शियसकडे एक अधिकारी सांगतो की जाचक कर यंदा कमी करू, पुढच्या वर्षी पुरता बंद करू. मेन्शियस म्हणतो, एक जण शेजाऱ्याची कोंबडी रोज चोरायचा. लोकांनी हटकलं तर म्हणाला, ठीक आहे, आता महिन्याला एकच चोरतो, पुढच्या वर्षी थांबतो.

आणि बनावट वचनांचं काय?

विनोद होता हे दाखवायला लोक भलतंच काही पुढे करतात. ‘आवडीचं काम निवडा, मग आयुष्यात एक दिवसही काम करावं लागणार नाही’ हे कन्फ्यूशियसच्या नावावर खपवलं जाणारं वचन ‘लुन्यू’च्या वीसही भागांत नाही. वचन तपासायचं तर आधी भागाचा आणि उताऱ्याचा क्रमांक मागा. आवृत्तीगणिक उताऱ्याचा आकडा एखाद्याने पुढेमागे होतो, कोंबडी आणि बैलाच्या सुऱ्याचा प्रसंग कुठे १७.३ तर कुठे १७.४ असतो, त्यामुळे शेजारचे उतारेही बघा. मग प्रश्न कुणी विचारला आणि उत्तरावर पुढे कोण काय बोललं ते वाचा. कोंबडीचं वाक्य एकटं उचललं तर ते शिष्याचा पाणउतारा वाटतं. त्यातली माघार दोन ओळी पुढे आहे.