आवाज काढून दाखवा

ज्याच्या गाडीचं इंजिन नुकतंच उघडून परत बांधलंय तो माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो चारचौघांत तोंडाने टकटक करत असतो. मी तीन आठवडे करत होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसात, एकदा तर तीन हात नाक्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालासुद्धा काढून दाखवला.

झालं असं की मे महिन्यात गायमुखच्या चढावर दीड तास ट्रॅफिकमध्ये गाडी उकळली, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग) गेलं, ऑइलचा रंग कटिंग चहासारखा झाला. मग वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने हेड, म्हणजे ते झाकण, फेसिंगला म्हणजे तासून सपाट करायला पाठवलं, रिंगा बदलल्या, नवीन टायमिंग बेल्ट टाकला आणि "साहेब, आता दहा वर्षं बघायला नको" म्हणून किल्ली हातात दिली. खरं होतं ते, बघायला नकोच होतं, फक्त ऐकावं लागत होतं. आयडलला (गाडी जागेवर नुसती चालू असताना) बारीक टिकटिक, अडीच हजार आरपीएमच्या वर गेलं की खणखणीत टकटक. गॅरेजवाला म्हणाला, नवीन काम आहे, बसेल. आवाज काही बसला नाही, मीच डोक्याला हात लावून बसलो.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "टिकटिक की टकटक? नीट काढ बघू." मी काढला. "हां, टॅपेट, वॉल्व ढकलणारा भाग." तेवढ्यात बी विंगचे काका आले, त्यांच्या मते ही ठकठक होती आणि ठकठक म्हणजे बिग एन्ड बेअरिंग, म्हणजे इंजिन खल्लास. मग दोघांना पटेल असा मधला आवाज काढायला गेलो तर वॉचमन हसायला लागला. मराठीत आवाजाला एवढे शब्द, टिकटिक, टकटक, ठकठक, खटखट, खडखड, पण बॉनेट उघडून उभं राहिलं की एकही चपखल बसत नाही. बायकोने मात्र पहिल्याच दिवशी बरोबर शब्द दिला होता, कटकट.

शेवटी कोलशेतच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. मी सवयीने तोंड उघडलं तर म्हणाले, "तुम्ही गप्प बसा साहेब, तिला बोलू द्या." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. बेअरिंग असतं तर त्या सिलिंडरचा दणका बंद झाल्यावर आवाज नरम पडला असता, इथे ढिम्म फरक नाही. शिवाय म्हणे बेअरिंग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला वाजतं, आणि हे एक फेरा सोडून वाजतंय, म्हणजे वॉल्व, म्हणजे सिलिंडरची हवा-धुराची दारं, उघडणाऱ्या कॅमच्या ताला‍त, कारण क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. ८०० च्या आयडलला मिनिटाला ४०० ठोके. मी घरी फोनवर रेकॉर्ड करून मोजायचा प्रयत्न केला, साठपर्यंत गेलो आणि मुलीने विचारलं, "बाबा, तू अंक विसरलास का?"

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं तर तिघं १६० पीएसआयच्या आसपास आणि चार नंबर १२०. मग प्लगच्या भोकातून फोनला जोडायचा तो बारका कॅमेरा आत सोडला (बायको म्हणाली, माझ्या आईच्या एंडोस्कोपीला इतका वेळ थांबला नव्हतास) आणि स्क्रीनवर काळ्या कार्बनमध्ये लखलखीत चकाकणारी रेघ दिसली. मिस्त्री म्हणाले, "चंद्रकोर." खरंच, पिस्टनच्या कपाळावर अगदी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी कोरीव चंद्रकोर! वॉल्व येऊन टेकत होता तिथे.

मी म्हटलं, पण हाताने इंजिन फिरवलं तेव्हा तर कुठे अडलं नाही. तर म्हणाले, हाताने फिरवताना बिचारे केसभर अंतराने जातात एकमेकांशेजारून, वेगात सगळंच थोडं ताणतं, मग लागतात. ते अंतर मोजायला मला क्ले आणायला सांगितली. मुलीची निळी क्ले आणली, अर्थात न विचारता. हेड काढून चार नंबरच्या पिस्टनवर क्ले थापली, हेड परत आवळलं, क्रँक पान्याने हळूच दोन पूर्ण फेरे फिरवला, परत उघडलं. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्वच्या, बाजूला क्लेचा पापड झालेला. ब्लेडने कापून व्हर्नियर लावला, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. पाहिजे इनटेकला (हवा आत घेणाऱ्या वॉल्वला) २ आणि एक्झॉस्टला अडीच तरी. एक्झॉस्टला जास्त का, तर तो तापून लांबतो आणि त्यात तो दार बंद करत मागे सरकत असताना पिस्टन खालून त्याच्या मागे लागलेला असतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये दारातल्या माणसाला ठाणं आलं की जे होतं ते.

कारण? टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा, एक दात मागे. कॅमच्या पुलीला ४० दात, म्हणजे एका दाताला कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. वर फेसिंगला हेड तासून बारीक केलेलं, त्याने वॉल्व आणखी खाली आले. आधीच्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "एकच दात ना साहेब?" जसं काही अक्कलदाढ आहे.

किंचित वाकलेला तो एक वॉल्व बदलला, जाड गॅस्केट टाकलं, खुणेला खूण जुळवून बेल्ट चढवला, परत क्ले. आता २.६. मिस्त्रींनी तो कापलेला निळा तुकडा कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला, "हे तुमचं गॅरंटी कार्ड."

डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी ठेवलाय. मुलगी रोज बसताना विचारते, माझी क्ले कधी परत मिळणार, आणि मी म्हणतो, थांब, आधी पाच हजार किलोमीटर होऊ देत.