थिबा राजवाड्याबद्दल माझीच एक दुरुस्ती

'ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीच्या या राजवाड्यात तीस वर्षं कैदेत होता' हा फोटोसकट फिरणारा मेसेज मूळचा माझाच. तो चुकला. तीस वर्षं रत्नागिरीतली, राजवाड्यातली नव्हेत. इंग्रजांनी थिबाला इथे आणलं १८८६ साली. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे वाडा लाभला जेमतेम सहा वर्षं. आधीची चोवीसेक वर्षं तो गावातल्या बंगल्यांत राहिला. सनावळ्या मी आधीच ताडून पाहायला हव्या होत्या. अर्धगोल कोरीव लाकडी खिडक्या, उतरती छपरं, खाली दिसणारी खाडी हे वर्णन मात्र खरं, जाऊन बघाच. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.